नाव सांगू नोको

आमच्या कॉलेजच्या वाचनालयात डिसेंबरमध्येही पंखा पूर्ण वेगानं फिरायचा आणि त्याच्या बरोबर खाली ग्रंथपाल सर स्वेटर घालून, मफलर गुंडाळून, वरून शाल घेऊन बसलेले असायचे. नव्या माणसाला वाटे, यांचं डोकं ठिकाणावर नाही. जुन्या माणसांनाही तसंच वाटे, पण त्यांना कारण माहीत होतं.

कारण असं. कोणाला कोणाविरुद्ध तक्रार करायची असेल तर ती नाव उघड न होता करता यावी, असं विद्यापीठाचं परिपत्रक आलं. पेटी लावायची आणि एक जबाबदार व्यक्ती नेमायची. प्राध्यापकांपैकी कोणी तयार होईना. आज ज्याच्याविरुद्ध कागद हातात घ्यायचा, उद्या त्याच्याच शेजारी बसून डबा खायचा, हे कोणाला नको होतं. ग्रंथपाल सर मात्र एकटेच जेवत. म्हणून काम त्यांच्याकडे गेलं.

तक्रार सांगायला आलेल्या माणसाला ते मासिकांच्या रॅकच्या पलीकडे बसवत. स्वतः अलीकडे भिंतीकडे तोंड करून बसत आणि पंखा पाचावर टाकत. पंखा इतका खडखडायचा की रॅकच्या पलीकडचं बोलणं त्यांना जेमतेम ऐकू येई, दारापर्यंत तर काहीच जात नसे. व्यवस्था चांगली होती. फक्त हिवाळ्यात पंखा वाजला की साऱ्या कॉलेजला कळे, आज कोणीतरी आलंय. शिपाई व्हरांड्यातून ओरडे, "पंखा सुरू झाला बाप्पा!" आणि दोन-तीन जण पेपर वाचायचं निमित्त करून तिकडे निघत.

हे लक्षात आल्यावर सरांनी पंखा बंद केला नाही. तो रोज सुरू ठेवला. साडेदहा ते साडेपाच, उन्हाळा असो की हिवाळा. कोणत्या दिवशी कोणी आलं आणि कोणत्या दिवशी कोणीच आलं नाही, हे मग कोणाला ओळखता येईना. दोन हिवाळे त्यांनी खोकत काढले. मी एकदा म्हणालो, "सर, आज कोणी नाही. पंखा बंद करा ना." ते म्हणाले, "कोणी नाही हे तुले कळलं ना? मंग तेच बाकीच्यायले नाही कळलं पायजे."

मी त्याच कॉलेजात आवक-जावकच्या टेबलावर होतो. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी माझ्याकडे येई. मी त्यावर शिक्का मारी, क्रमांक टाकी, नोंदवहीत तारीख, कोणाकडून, विषय काय, हे लिही आणि ज्याचा कागद त्याच्याकडून त्याच ओळीत सही घेऊन तो त्याच्या ताब्यात देई. क्रमांकात खंड पडू द्यायचा नाही, रकाना रिकामा सोडायचा नाही, खाडाखोड करायची नाही. मला ते काम आवडायचं.

सर कोणालाच नावानं हाक मारत नसत. मला ते 'आवक' म्हणत. रोखपालाला 'कॅश', प्रयोगशाळेतल्या माणसाला 'काचवाले' आणि प्राचार्यांना 'वरचे'. सुरुवातीला मला ते अपमानाचं वाटलं. मग कळलं की त्यांनी नावं विसरायची सवयच लावून घेतली होती. "माणसाचं नाव जिभेवर असलं की ते कवातरी सांडते," असं ते म्हणायचे. पेटीचं काम येण्याच्या कितीतरी आधीपासून ते असेच होते.

वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाला त्यांनी खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं. वर फक्त क्रमांक. मुलगा पुस्तक काखेत घेऊन बाहेर पडला तर तो कविता वाचतो की पोलीस भरतीची तयारी करतो, हे रस्त्यावरच्या माणसाला कळत नसे. पुस्तक परत आलं की ते देवघेवीची चिठ्ठी फाडून टाकत. तपासणीच्या वेळी यावरून ठपका यायचा. ते ठपका वाचत, सही करत आणि पुन्हा चिठ्ठ्या फाडायला बसत.

एकदा संस्थेचे एक संचालक आले. त्यांची मुलगी आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला होती. ते सरांच्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "आमची पोरगी कोणती पुस्तकं नेऊन राह्यली, ते जरा पाहून सांगा."

"पुस्तकं नेते. परत आणते. फाडत नाही," सर म्हणाले.

"ते नाही विचारलं मी. कोणती, ते विचारलं."

"ते तिले विचारा."

"ती सांगत नाही म्हणून त तुमच्याकडे आलो ना जी!"

"मंग ती सांगत नाही ते मी कायले सांगू?"

संचालक लाल झाले. सरांनी टेबलाखालची टोपली ओढून त्यांच्यापुढं ठेवली. तिच्यात फाडलेल्या चिठ्ठ्यांचा ढीग होता. "घ्या, जोडत बसा," ते म्हणाले. त्या वर्षी सरांची वेतनवाढ रखडली. त्यांनी ती कधी मागितली नाही, आणि घरी सांगितलंही नसावं.

पेटीचंही तसंच. परिपत्रकात लिहिलं होतं, पेटी दर्शनी भागात लावावी. म्हणून एक पेटी प्राचार्यांच्या दारासमोर लागली. कुलूप, पाटी, सगळं व्यवस्थित. तिच्यात तीन वर्षांत दोन कागद निघाले, त्यातली एक लग्नपत्रिका होती. समोर शिपायाचं स्टूल होतं, मी पावलांनी मोजलं होतं, चार पावलांवर. तिथं कोण कागद टाकणार? सरांनी जुन्या पत्र्याच्या डब्याला चीर पाडून दुसरी पेटी केली आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीमागं ठेवली. पाणी प्यायला कोणीही थांबतं, बाटली भरायला वेळ लागतो. त्या डब्यात पहिल्याच महिन्यात सात कागद आले. तपासणीला आलेले लोक समोरची पेटी पाहून समाधानानं जात.

कागद मिळाला की सर तो कॉलेजात ठेवत नसत. कपाटांच्या किल्ल्या शिपायाकडे असत. ते जऊळक्याहून पॅसेंजरनं येणं-जाणं करत. कागद जेवणाच्या डब्याच्या वरच्या खणात, जिथं दुपारपर्यंत पोळ्या असत, तिथं घडी करून ठेवत आणि घरी नेत. घरी बसून तो स्वतःच्या अक्षरात उतरवून काढत. अक्षरावरून माणूस ओळखू येतो, हे झालंच, पण ते भाषाही बदलत. मानोऱ्याकडच्या मुलीनं लिहिलेलं वेगळं असतं आणि वाशिम गावातल्या मुलानं लिहिलेलं वेगळं. सर सगळ्यांचं एकाच कोरड्या सरकारी मराठीत करून टाकत, मूळ कागद चुलीत घालत, नव्या कागदाखाली तक्रारदार म्हणून स्वतः सही करत आणि तो त्याच खणातून परत आणत.

त्यामुळे कागदोपत्री आमच्या कॉलेजात सगळा त्रास एकाच माणसाला होत होता. प्राचार्य हसून मला दाखवत. "हे पाहा. मुलींच्या वसतिगृहाच्या न्हाणीघराला आतून कडी नाही, म्हणून आमच्या ग्रंथपालांची गैरसोय होऊन राह्यली." मग कागद नाकाजवळ नेऊन म्हणत, "आणि ह्याले लसणाचा वास कायचा येते?" पण कडी लागली. तोंडी परीक्षेला मुलींना उगाच ताटकळत ठेवणाऱ्या एका बाहेरच्या परीक्षकाला पुन्हा बोलावलं गेलं नाही. विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरच्या कामाला लावणाऱ्या एका प्रयोगशाळा सहायकाला समज मिळाली. कोणी सांगितलं, हे कधी बाहेर आलं नाही.

आमचं दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरून होई. तो कागद माझ्याकडे आला की मी 'कोणाकडून' या रकान्यात 'ग्रंथपाल' लिही. ते म्हणत, विषयाचा रकाना रिकामा सोड. मी म्हणे, रिकामा सोडता येत नाही.

"काहून नाही येत?"

"सर, नियम आहे. उद्या कागद हरवला तर कशाचा हरवला, हे तरी कळलं पाहिजे."

"तुह्या रजिस्टरमधी सगळं सापडते, आवक. तेच त वाईट आहे."

शेवटी तडजोड म्हणून मी 'किरकोळ' असं लिहू लागलो. ते मला पटलं नव्हतं, पण रकाना तरी भरत होता.

एका दुपारी ते माझ्या टेबलाशी आले आणि दोन कागद ठेवले. दोन्हींवर एकेक तक्ता. वरची नावं त्यांनी कात्रीनं कापून टाकली होती. "बेरजा कर," ते म्हणाले. मी केल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली किती मुलं मागं राहून शाळेत जातात, गावागावानुसार असे आकडे होते. अकरा वाड्या-तांडे. एका तक्त्यात पाचव्या ओळीची बेरीज चुकली होती. एकशे त्र्याहत्तर यायला पाहिजे होते, एकशे सदतीस लिहिले होते. मी दुसरा तक्ता पाहिला. तिथंही पाचव्या ओळीत एकशे सदतीसच.

"सर, हा त्याच्यावरून उतरवला आहे," मी म्हणालो. "बरोबर आकडे दोघांचे सारखे येऊ शकतात. चूक सारखी कशी येईल?"

ते बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "अकरा गावं पायी फिरली ते पोरगी. अन् हा इथी खुर्चीत बसून." एवढं बोलून ते थांबले. त्यांच्या तोंडून 'ते पोरगी' गेलं होतं. "तू काही ऐकलं नाही," ते म्हणाले आणि कागद घेऊन निघून गेले.

ती कोण, हे मला नंतर कळलं. मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरची मुलगी आमच्याकडे संशोधन करत होती. तिच्या घरचेही पूर्वी हंगामाला जात. तिचे मार्गदर्शक आमच्याच कॉलेजातले विभागप्रमुख. तिनं तीन वर्षं गोळा केलेले आकडे त्यांनी एका मासिकात एकट्याच्या नावानं छापले होते. विचारलं तर म्हणाले होते, तुझ्या प्रबंधावर सही कोणाची लागते, ते लक्षात ठेव. ती मुलगी पंख्याखाली येऊन बसली तेव्हा सरांनी तिला तेच सांगितलं जे ते सगळ्यांना सांगत: "नाव सांगू नोको. काय झालं ते सांग. तुह्यं नाव इथून कोठी जाणार नाही." या वेळी कागद प्राचार्यांकडे न देता त्यांनी स्वतःच्या सहीनं थेट विद्यापीठाला पाठवला.

दोन महिन्यांनी विद्यापीठाचं उत्तर आलं. मूळ पुरावे सात दिवसांत महाविद्यालयामार्फत सादर करावेत. म्हणजे तिच्या गावभेटींच्या वह्या, तारखांसकट, तिच्याच अक्षरातल्या. त्या सरांना उतरवून काढता येणार नव्हत्या. आणि नेमके त्याच आठवड्यात सर अकोल्याला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी गेले. जाण्याआधी त्यांनी तिला निरोप दिला होता, मी येईपर्यंत थांब, सातव्या दिवशी मी स्वतः घेऊन जाईन. पण तिला धीर धरवला नाही. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, ती एक जाड लिफाफा घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"बाबूजी, हे ग्रंथपाल सरांसाठी आहे. मले पोच पायजे."

मी लिफाफा घेतला. आत काय असणार, ते ओळखलं. म्हणालो, "ताई, सर सोमवारी येतील. तेव्हाच दिलं तर नाही चालणार?"

"सोमवारी मुदत संपते जी. अन् हरवलं त माझ्याजवळ दुसरी प्रत नाही. तुम्ही पोच द्या फक्त."

मी नोंदवही उघडली, क्रमांक टाकला. ती वाकून पाहत होती.

"नाव लिहावं लागते का?"

"पोच पाहिजे तर नाव लागतं. नाहीतर पोच कोणाच्या नावानं देऊ?"

तिच्या हातात बसचं तिकीट होतं, त्याची ती सारखी घडी घालत होती. मग म्हणाली, "लिहा."

मी लिहिलं. पूर्ण नाव, संशोधक विद्यार्थिनी, तक्रारीसंबंधी पुरावे, पाने एकशे अठरा. ती पानं मी तिच्यासमोर मोजली. लिफाफ्यावर लाख लावली आणि तो माझ्या स्वतःच्या कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. आणि काळजी म्हणून त्या नोंदीपुढं लाल शाईनं लिहिलं: गोपनीय.

त्या पानावर लाल शाईची ती एकच ओळ होती.

दुपारी विभागप्रमुख त्यांचं रजिस्टर पत्र घ्यायला आले. त्यांची नोंद तिच्या खालचीच होती. मी नोंदवही फिरवून त्यांच्यापुढं केली, रोज करतो तशी. ते चष्मा लावून वाकले. सही करायला माणसाला दोन सेकंद लागतात. त्यांना बराच वेळ लागला. सही करून ते म्हणाले, "तुमचं अक्षर फार स्वच्छ आहे हो." मी आभार मानले.

मला काही कळलं नाही. कळलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, ती मुलगी रडत विभागातून बाहेर आली तेव्हा. त्यांनी तिच्या वडिलांना फोन केला होता. तुमची मुलगी कॉलेजच्या लोकांवर खोटेनाटे अर्ज करते, पुढं कुठं नोकरी लागणार नाही, घरी घेऊन जा. वडील तिसऱ्या दिवशी आले आणि घेऊन गेले. ती पुन्हा कॉलेजात आली नाही.

सर सोमवारी आले. डोळ्याला काळा चष्मा, वर हिरवी पट्टी. त्यांनी लिफाफा माझ्याकडून घेतला, पानं मोजली नाहीत, डोळ्यामुळं स्वतः जाता येईना म्हणून त्याच दिवसाच्या शिक्क्यानं टपालानं पाठवून दिला. मग नोंदवही मागितली. भिंग घेऊन ते त्या पानावर वाकले. लाल शाईवर आले, खालच्या सहीवर आले आणि तिथंच थांबले. मी समोर उभा होतो.

"सर, माझ्याकडून..."

"किती वर्षं राह्यली तुही नोकरीची?"

"सतरा."

"माह्ये पाच महिने." त्यांनी भिंग खिशात ठेवलं. "विद्यापीठ विचारीन, नाव कसं फुटलं म्हणून. त्यायले एक माणूस पायजे. मी लिहून देतो, माह्या तोंडून गेलं."

"पण सर, तुमच्या तोंडून गेलं नाही!"

"तिले कोणी सांगतलं होतं नाव जाणार नाही म्हणून? तू सांगतलं होतं? मी सांगतलं होतं ना? मंग गेलं त ते कोणापासून गेलं म्हणायचं, आवक?"

मी म्हणालो, निदान तिला तरी खरं सांगतो. ते म्हणाले, चौकशी सुरू आहे तोवर नको, तुझं नाव आलं तर ते नोंदवही नेतील आणि मागच्या सगळ्या तारखा लावत बसतील, कोण कधी आलं ते शोधून काढतील. पाच महिने आणि सतरा वर्षं. माझी मुलगी तेव्हा अकरावीला होती, मुलगा आठवीला. मी तो हिशेब मान्य केला. मला आकड्यांतलं कळतं, असं लोक म्हणतात. पण त्या हिशेबात ती तांड्यावरची मुलगी कुठंच धरली नव्हती, हे मला पुष्कळ नंतर दिसलं. सरांनी मात्र तिला धरलं असणार. म्हणूनच ते त्या दिवशी डबा न उघडता घरी गेले.

त्यांनी लिहून दिलं. गोपनीयतेचा भंग केल्याबद्दल त्यांना त्या कामातून काढलं, लेखी ताशेरा सेवापुस्तकात गेला. चौकशी समितीनं पुढं असा निष्कर्ष काढला की दोन्ही तक्त्यांत साम्य आहे, तथापि ते काम विभागाचं संयुक्त असू शकतं, आणि संबंधित विद्यार्थिनी म्हणणं मांडायला हजर राहिली नाही. प्रकरण बंद झालं. स्टाफरूममध्ये लोक म्हणत, "एवढं पंखे लावून बसे बुवा, अन् शेवटी यायच्याच पोटात राह्यलं नाही!" मी तिथं चहा पीत बसलेलो असे. हसत नसे, एवढंच. पाण्याच्या टाकीमागचा डबा काही दिवस होता. मी रोज हलवून पाहत होतो. त्यात पुन्हा एकही कागद पडला नाही.

पाच महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात कोणी भाषण करायला उठलं नाही म्हणून प्राचार्यच दोन मिनिटं बोलले. सरांनी नारळ घेतला, शाल घेतली आणि नेहमीच्या गाडीनं गेले. नवीन ग्रंथपालांनी पहिल्याच आठवड्यात खाकी कव्हरं काढून टाकली. वाचनालय एकदम रंगीत दिसायला लागलं. मुलांना ते आवडलं.

नंतरच्या चार वर्षांत मी जऊळक्याला तीन वेळा गेलो. चौकशी केव्हाच संपली होती. दर वेळी ठरवून जाई की आज विचारायचं, आता तिला सांगू का? आणि दर वेळी त्यांची तब्येत, माझ्या मुलांचं शिक्षण, सोयाबीनचा पाऊस असं बोलून परत येई. त्यांनीही तो विषय काढला नाही. तिसऱ्या खेपेला त्यांना बोलताना दम लागत होता. निघताना म्हणाले, "येत जा. तुह्याशिवाय कॉलेजातलं कोणी येत नाही." मला त्यापेक्षा शिवी चालली असती.

मार्चमध्ये ते गेले. अंत्ययात्रेला आमच्या कॉलेजातून मी आणि एक निवृत्त शिपाई, असे दोघं होतो. सगळं आटोपल्यावर मी बाईंना, सरांच्या पत्नींना, भेटायला आत गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"बाबूजी, एक पोरगी होती मानोऱ्याकडची," त्या म्हणाल्या. "ते आली होती काय?"

"नाही दिसली."

"हे लय वाट पाहत होते तिची. मी म्हटलं, फोन लावू काय? त म्हणे, नोको, तिनं काहून यावं? मंग कोणी दार वाजवलं की पाहत दाराकडं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "असं काय केलं होतं जी यायनं तिचं?"

मी नमस्कार करून बाहेर पडलो.

दहाव्या दिवसानंतरच्या रविवारी मी मानोऱ्याची बस धरली. तिच्या तांड्याचं नाव मला पाठ होतं. तिथून कळलं की ती आता तालुक्याच्या गावी एका शाळेत तासिकेवर शिकवते, तिथंच भाड्यानं राहते. मी दार वाजवलं. तिनं मला ओळखलं, आत बसवलं, पाणी दिलं. भिंतीला लावून वह्यांचे गठ्ठे होते, मुलांच्या तपासायच्या. मी विचारलं नाही, पण तिनंच सांगितलं की प्रबंध सुटला तो सुटलाच.

"ग्रंथपाल सर गेले," मी म्हणालो.

"ऐकलं मी." तिनं खाली पाहिलं. "खोटं कायले बोलू बाबूजी? मले वाईट नाही वाटलं. मी मनातल्या मनात लय शिव्या दिल्या त्यायले. दुसरं कोणी असतं त म्हटलं असतं, चला, लोक असेच असतात. पण त्यायच्यावर मी भरवसा ठेवला होता ना."

मग मी सांगितलं. काहीच सोडलं नाही. शाई कोणती होती, खालची सही कोणाची, पाच महिने किती आणि सतरा वर्षं किती, सर काय म्हणाले आणि मी काय म्हणालो नाही. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती ऐकत राहिली. बाहेर कोणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"चार वर्षं," ती म्हणाली.

"हो."

"ते जिते होते तवा आले असते तुमी, त मी गेली असती त्यायच्याकडं."



तिनं डोळे पुसले आणि उठली. खुंटीवरची पिशवी काढून तिच्यात एक साडी, टॉवेल असं काहीबाही भरायला लागली. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "त्यायच्या घरी कोण असते आता?"

"बाई एकट्याच आहेत. लेक होती दहा दिवस, ती परवा गेली."

"जऊळक्याले आता निघाली त पोचीन का मी अंधार पडायच्या आत?"

"वाशिमची बस मिळाली तर पोचशील. तिथून दुसरी बस आहे. मी येतो सोबत, घर दाखवतो."

"नोका येऊ," ती म्हणाली. "घर विचारत जाईन मी."

तिनं दाराला कुलूप लावलं आणि बसस्टँडकडे निघाली. मी तिथंच उभा राहिलो. तिच्या मागं त्याच रस्त्यानं, त्याच स्टँडवर, मलाही जायचं होतं; पण ती पुढं जाईपर्यंत मी थांबलो, आणि तिची बस गेल्यावर पुढच्या बसनं आलो.